पोंचो गळत होता, आता छप्परही झाला

गोव्यातल्या नेत्रावळीच्या रानात पहिल्याच सरीला माझा घरी शिवलेला पोंचो, म्हणजे डोक्यातून घालायचा सैल रेनकोट, गळला. टोपीच्या शिलाईतून थेंब थेट मानेवर. कापड उत्तम होतं, सिलिकॉनचा लेप असलेलं नायलॉन. दोष सुईच्या भोकांचा.

घरी पारदर्शक सिलिकॉन सीलंट मिनरल टर्पेंटाइनमध्ये पातळ केलं, जुन्या ब्रशने बाहेरून शिलाईत जिरवलं आणि रात्रभर बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या उघड्या ओसरीत, दोरीवर टाकलं. वास उग्र, म्हणून हे काम उघड्यावरच करा. पॉलियुरेथेनचं सीलंट मात्र नको: सिलिकॉनवर ते धरत नाही, पापुद्र्यासारखं सुटतं.

दुसरी चूक मापाची. पाठीवर सॅक चढली की मागची कड वर ओढली जायची आणि पोटऱ्या भिजायच्या. भातलावणीचं इरलं बघा, वाकलेली पाठ झाकायला ते मागे लांब असतं! मीही मागे 40 सेंमी कापड जोडलं, बाजूंना टिचबटणं लावली. रिकाम्या पाठीने चालताना जादा भाग आत दुमडून बटणात अडकवतो.

आता चारी कोपऱ्यांना फितीचे फास आहेत. मुक्कामाला टोपीची नाडी आवळून गाठ मारतो, दोन झाडांमध्ये दोरी बांधतो, त्यावर हेच छप्पर. वाऱ्याकडची बाजू जमिनीलगत. परवाची रात्र त्याखाली कोरडी गेली.