आपला माणूस बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या कारागृहात असेल तर घरच्यांनी काय करावे

गेल्या पावसाळ्यात खानापूर तालुक्यातील एक मावशी न्यायालयाच्या आवारात भेटल्या. त्यांच्या हातातील प्लॅस्टिकच्या पिशवीत कन्नडमधील दोषारोपपत्र, तारखांच्या तीन चिठ्ठ्या आणि एक फोन क्रमांक खरडलेला कागद होता. "दादा, ह्यात काय लिवलंय तेवढं बघा की," असे म्हणून त्यांनी सगळी पिशवीच माझ्यापुढे केली. कागद उलगडल्यावर कळले, की त्यांच्या मुलाला १९ दिवसांपूर्वीच जामीन मंजूर झाला होता. ते त्यांना कोणी सांगितले नव्हते, आणि जामीनदार उभा न राहिल्यामुळे मुलगा अजून आतच होता. ही माहिती त्यांच्यासारख्या कुटुंबांसाठी लिहीत आहे. २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत दर चार बंद्यांपैकी सुमारे तीन कच्चे कैदी होते, म्हणजे त्यांच्यावरील खटल्यांचा निकाल लागलेला नव्हता. कर्नाटकात येणाऱ्या आपल्या मराठी सीमाभागात त्यात भाषेची अडचण आणखी वाढते.

पहिल्याच दिवशी शंभर पानी वही घ्यावी आणि सगळे त्यातच लिहावे. पहिल्या पानावर पोलीस ठाण्याचे नाव, एफआयआरचा क्रमांक, लावलेली कलमे, अटकेची तारीख आणि वेळ, न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर प्रथम उभे केल्याची तारीख, न्यायालयाचे नाव आणि वकिलांचे नाव असावे. प्रकरणाला १६ अक्षरी-अंकी सीएनआर क्रमांक मिळाला, की तोही तेथेच लिहावा, कारण तो ई-कोर्ट्सच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये टाकल्यावर पुढची तारीख घरबसल्या दिसते. मागच्या पानापासून उलट दिशेने प्रत्येक तारखेला काय घडले ते एका ओळीत नोंदवत जावे. ही वही वकिलांकडे न देता घरीच ठेवावी.

अटकेपासून २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभे करणे हे संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदाने बंधनकारक केले आहे, आणि अटकेची माहिती नातेवाइकाला देणे हेही पोलिसांचे कर्तव्य आहे. भाषेच्या बाबतीत सीमाभागातील प्रत्येकाने एक गोष्ट लक्षात ठेवावी. अटकेची कारणे लेखी स्वरूपात, आणि अटक झालेल्या व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत दिली पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. आपल्या माणसाला कन्नड वाचता येत नसेल, तर पहिल्या रिमांडच्या, म्हणजे न्यायालय कोठडीत ठेवण्याचा आदेश देते त्या वेळीच वकिलांमार्फत हे न्यायालयापुढे मांडावे. जो कागद वाचता येत नाही, तो आधी वाचून दाखवण्याची विनंती करावी. दोषारोपपत्राची प्रत आरोपीला विनामूल्य मिळते. ती घरी आल्यावर कन्नड चांगले वाचणाऱ्या शेजाऱ्याकडून किंवा गावच्या शिक्षकांकडून पहिली चार पाने तरी समजून घ्यावीत. आपल्याकडे मराठी घरांतील बहुतेक मुले शाळेत कन्नडही शिकतात, त्यामुळे घरातील दहावीच्या मुलीलाही हे काम सहज जमते.

वकिलांसाठी पैसे नाहीत म्हणून कोणी हात बांधून बसू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२ व्या कलमानुसार कोठडीत असलेल्या प्रत्येक व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. बेळगावात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आणि तालुक्याच्या ठिकाणी तालुका समितीकडे साध्या कागदावर अर्ज करता येतो. तेथे फलक कन्नडमध्ये असतो, म्हणून "कानूनु सेवा" कुठे आहे असे विचारल्यास लोक लगेच दाखवतात. १५१०० या क्रमांकावर फोन करता येतो, आणि आत असलेल्या माणसालाही अधीक्षकांमार्फत स्वतः अर्ज पाठवता येतो. मोफत मिळालेला वकील लक्ष देत नाही असे वाटले, तर तारखांच्या नोंदी दाखवून प्राधिकरणाच्या सचिवांकडे दुसरा वकील मागावा.

आता दिवस मोजण्याविषयी. येथे एका दिवसाची चूकही महागात पडते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १८७ व्या कलमानुसार, तपास ६० दिवसांत पूर्ण होऊन दोषारोपपत्र दाखल झाले नाही, तर आरोपीला जामिनावर सुटण्याचा हक्क मिळतो. गुन्हा मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेचा असेल, तर ही मुदत ९० दिवसांची असते. मोजणी अटकेच्या दिवसापासून न करता पहिल्या रिमांडच्या दिवसापासून करावी आणि तो दिवसही धरावा. ३ मार्चला पहिला रिमांड झाला असेल, तर १ मे हा साठावा दिवस ठरतो, आणि २ मेच्या सकाळी वकिलांचा अर्ज तयार असला पाहिजे, कारण अर्ज करण्याआधी दोषारोपपत्र दाखल झाले तर हा हक्क हातचा जातो. वहीतील पहिल्या पानाचे मोल येथे कळते.

खटला लांबला, तर त्याच संहितेचे ४७९ वे कलम उपयोगी पडते. त्या गुन्ह्यासाठी सांगितलेल्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत गेला असेल, किंवा पूर्वी कधीही शिक्षा न झालेल्या माणसाचा एक तृतीयांश काळ गेला असेल, तर त्याच्या सुटकेचा विचार न्यायालयाने करायचा असतो, आणि तसा अर्ज पाठवण्याची जबाबदारी कारागृहाच्या अधीक्षकांवर आहे. मृत्युदंड वा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक खटले प्रलंबित असलेल्यांना ही सवलत नाही. २०२४ पूर्वीच्या खटल्यांनाही ती लागू आहे.

जामीन मंजूर होणे आणि प्रत्यक्ष सुटणे यांत आपल्याकडे फार मोठे अंतर पडते. एका माणसाचे सगळे नातेवाईक चंदगड तालुक्यातले होते. चुलत्यांनी स्वतःच्या जमिनीचा सातबारा आणला, पण तो महाराष्ट्राचा म्हणून घेतला गेला नाही आणि इथला उतारा मागितला गेला. मधली हद्द जवळच, पण माणूस आणखी तीन आठवडे आत राहिला, याचे मला आजही वाईट वाटते. अशा वेळी वकिलांना दोन गोष्टींची आठवण करून द्यावी. मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश या १९७८ च्या निकालात, एका गवंड्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला जामीनदार नाकारल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने कडक शब्दांत नापसंती व्यक्त केली होती. ३१ जानेवारी २०२३ च्या निर्देशांत, स्थानिक जामीनदाराच्या आग्रहामुळे सुटका लांबते, म्हणून ती अट घालू नये असे न्यायालयाने सुचवले आहे. त्याच निर्देशांनुसार जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कारागृहात पोहोचली पाहिजे, सात दिवसांत सुटका न झाल्यास अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवले पाहिजे, आणि महिनाभरात जामीनपत्र भरले गेले नाही, तर न्यायालय स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकते. मावशींच्या मुलासाठी आम्ही हाच आधार घेतला.

रक्कमच भरता येत नसेल, तर गरीब बंद्यांसाठीच्या केंद्राच्या योजनेतून कच्च्या कैद्याला आणि दंड न भरल्यामुळे अडकलेल्या शिक्षाबंद्याला ठरावीक मर्यादेपर्यंत मदत मिळू शकते. यासाठीही प्राधिकरणाकडेच जावे. अमली पदार्थविरोधी कायदा, यूएपीए (बेकायदा कारवायांविरोधी कायदा) अशा कायद्यांखालील प्रकरणे त्यात बसत नाहीत. सुटका करून देतो म्हणून न्यायालयाबाहेर पैसे मागणाऱ्यांना एक रुपयाही देऊ नये, आणि अनोळखी माणसाला जामीनदार म्हणून उभे करू नये.

भेटीला जाताना आधार कार्ड न्यावे. ई-मुलाकात या कारागृहभेटीच्या संकेतस्थळावर आधी नोंद केल्यास फेरा वाचतो. औषधे चालू असतील, तर चिठ्ठीची प्रत अधीक्षकांच्या नावे अर्जासोबत द्यावी.

जिल्हा व सत्र न्यायालयाने जामीन नाकारला, तर बेळगाव जिल्ह्यासाठी उच्च न्यायालयाचे धारवाड खंडपीठ आहे. शिक्षा झाल्यास सत्र न्यायालयाच्या निकालाविरुद्ध तेथे ६० दिवसांत अपील करावे लागते. फाशीच्या शिक्षेत ही मुदत ३० दिवसांची आहे. आत असलेल्या माणसाला हे अपील कारागृहाच्या अधिकाऱ्यांमार्फतही पाठवता येते.

जामीनपत्र स्वीकारले गेल्यावर सुटकेचा आदेश हिंडलग्याला गेला की नाही, याची त्याच दिवशी न्यायालयाच्या कार्यालयात चौकशी करावी. आदेशातील नाव, वडिलांचे नाव आणि गुन्ह्याचा क्रमांक कारागृहातील नोंदीशी जुळतात का तेही पाहावे, कारण कन्नडमध्ये लिहिताना आपली आडनावे बदलतात आणि एका अक्षरावरून सुटका दुसऱ्या दिवसावर जाते. संध्याकाळी फाटकापाशी जाताना वही सोबत न्यावी, आणि आपला माणूस बाहेर आला, की घरी निघण्याआधी त्याला पुढची तारीख वाचून दाखवावी.