रात्रीचे आठवत नाही, तेव्हा काय करावे

रात्रीच्या मद्याच्या बैठकीतला काही भाग सकाळी आठवत नसेल, तर तो आठवावा म्हणून डोके खाजवत बसू नये, कारण बहुतेक वेळा तिथे आठवणच तयार झालेली नसते. नुकतेच घडलेले टिकाऊ स्मृतीत रुजवण्याचे काम मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग करतो. मद्यामुळे तिथल्या पेशींमधला ग्लुटामेट या उत्तेजित करणाऱ्या रसायनाचा संदेश क्षीण होतो आणि गाबा या दुसऱ्या रसायनाचा शमन करणारा परिणाम वाढतो; मग माणूस बोलतो, बिल भागवतो, रिक्षाचे भाडे ठरवतो, पण त्यातले काही साठत नाही. यालाच ब्लॅकआउट म्हणतात. बेशुद्धी वेगळी.

अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ डोनाल्ड गुडविन आणि सहकाऱ्यांनी १९७० मध्ये १० जणांना भरपूर मद्य देऊन काही वस्तू व दृश्ये दाखवली. दोन मिनिटांनी बहुतेकांना ती सांगता आली. अर्ध्या तासाने निम्म्यांना त्यातले काहीच आठवले नाही. म्हणून 'तेव्हा तर शुद्धीत वाटत होता' या साक्षीवर विसंबू नये. टेबलावर कोणी तीच गोष्ट पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा सांगू लागला, तर त्याचा ग्लास तिथेच थांबवावा, गाडीची किल्ली काढून घ्यावी आणि त्याला घरापर्यंत सोबत द्यावी. झोपून गेलेला माणूस हाक मारूनही उठत नसेल, तर त्याला कुशीवर वळवून १०८ ला फोन करावा.

हिशेब मात्र आधीच, शुद्धीत असताना करावा. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचा ३० मिलिलिटरचा पेग म्हणजे सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम. 'मी फक्त बिअर घेतो' म्हणणारा एका बाटलीत चार पेग रिचवतो, हे आपल्याकडे फारसे कोणी लक्षात घेत नाही. यकृत सर्वसाधारणपणे तासाला एका लहान पेगाच्या आसपासच निचरा करते. एकूण किती घेतली याइतकेच ती किती वेगाने चढली यालाही महत्त्व आहे, आणि उपाशीपोटी भराभर घेतली की ब्लॅकआउटची शक्यता वाढते. म्हणून नुसत्या चखण्यावर न राहता आधी नीट जेवावे. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी मद्य पूर्ण टाळावे, कारण दोन्हींचा परिणाम एकमेकांत भर घालतो.

सकाळी पडताळणी करायची ती नोंदींवरून. फोनमधले कॉल, पाठवलेले संदेश आणि यूपीआयचे व्यवहार वेळेनुसार कागदावर उतरवावेत: ११.५२, रिक्षा, १४० रुपये, एवढ्या ओळीतूनही पुष्कळ उलगडते. मग मित्राला 'मी भांडलो का?' असे न विचारता 'नळस्टॉपवरून निघाल्यावर काय झाले?' असे मोकळे विचारावे, कारण सुचवलेले उत्तर रिकाम्या जागेत जाऊन बसते आणि आठवड्याभरात स्वतःचीच आठवण वाटू लागते. एखाद्या खुणेने तुकडे खरोखर परत येत असतील, तर ब्लॅकआउट अर्धवट होता; काहीच येत नसेल, तर तो भाग गेला असे धरून चालावे.

अभ्यासिकेत दिवसभर बसून रात्री 'झोप लागावी म्हणून' दोन पेग घेणाऱ्यांनी हेही जाणावे की मद्याने डोळा लवकर लागला, तरी उत्तररात्री झोप मोडते आणि स्वप्नांची झोप कमी होते. वाचलेले पक्के होण्यासाठी झोप सलग लागते.

असे वारंवार होत असेल, तर डॉक्टरांना किती घेतो ते ग्रॅमच्या हिशेबाने खरे सांगावे. वर्षानुवर्षे पिणाऱ्यांच्या शरीरात थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, कमी पडते आणि त्यातून कोर्साकॉफ विकार जडू शकतो, ज्यात रुग्ण न घडलेल्या गोष्टी घडल्यासारख्या सांगतो. चालताना तोल जाणे, नजर स्थिर न राहणे आणि गोंधळ ही त्याआधीची लक्षणे दिसल्यास तातडीने रुग्णालयात न्यावे आणि पिण्याची सवय तिथे आधी सांगावी, म्हणजे सलाइनमधून ग्लुकोज देण्यापूर्वी थायमिनचा विचार होतो. रोज पिणाऱ्याने मात्र मनाने एकदम सोडू नये; त्यातून फिट येऊ शकते, भ्रमही होऊ शकतो. त्यासाठी वैद्यकीय देखरेख लागते, आणि पुण्यात येरवड्याला १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र हे काम करत आहे.