शेलइनाबॉक्स: बरोबर पासवर्ड देऊनही 'लॉगिन इनकरेक्ट' (एसईलिनक्स एन्फोर्सिंग)

शेलइनाबॉक्स म्हणजे ब्राउझरमधून लिनक्सचं टर्मिनल वापरू देणारी सेवा. एसईलिनक्स म्हणजे कोणत्या प्रोग्रॅमला काय करता येईल हे नियमांनी (पॉलिसी) ठरवणारी लिनक्सची सुरक्षा व्यवस्था, आणि 'एन्फोर्सिंग' म्हणजे ते नियम सक्तीने लागू असणं. लक्षण असं: ब्राउझरमध्ये ४२०० पोर्टवर लॉगिन दिसतं, पण पासवर्ड दिला की 'लॉगिन इनकरेक्ट'. त्याच युजरने एसएसएच (दूरून सुरक्षित लॉगिन) मात्र व्यवस्थित चालतं.

पासवर्ड बदलला, फायरवॉल तपासली, सर्टिफिकेट नवं केलं, फरक शून्य. एसईलिनक्सचे नकार जिथे नोंदले जातात त्या ऑडिट लॉगमध्येही काहीच नाही, आणि याचाच सगळ्यात जास्त वैताग आला.

'सेटएन्फोर्स ०' करून सक्ती तात्पुरती बंद केल्यावर लॉगिन लगेच झालं, म्हणजे दोष एसईलिनक्सकडे. लगेच 'सेटएन्फोर्स १' करून पूर्ववत केलं. लॉग रिकामा असतो कारण पॉलिसीतले 'डोंटऑडिट' नियम काही नकार नोंदवतच नाहीत. 'सेमॉड्यूल -डीबी' (दोन्ही अक्षरं कॅपिटल) चालवून ते नियम तात्पुरते बंद करा, पुन्हा लॉगिन करून पाहा, मग लॉग शोधायला 'एयूसर्च -एम एव्हीसी -टीएस रीसेंट' चालवा. आता नकार दिसतात. काम झालं की 'सेमॉड्यूल -बी' (कॅपिटल बी) चालवून ते नियम परत लावा, नाहीतर लॉग फुगत जातो.

'ऑडिट२अलाव'ने या नकारांवरून परवानगी देणारं पॉलिसी मॉड्यूल बनवता येतं. पण वेबवरून पोहोचता येणाऱ्या सेवेला लॉगिनचे एवढे अधिकार देणं मला पटलं नाही. त्याऐवजी लॉगिनचं काम एसएसएचकडे सोपवलं, कारण त्याला सेशन उघडायची परवानगी पॉलिसीत आधीच आहे.

'/ईटीसी/सिसकॉन्फिग/शेलइनाबॉक्सडी' फाइलमधल्या 'ओपीटीएस'मध्ये '-एस /:एसएसएच:लोकलहोस्ट' घाला. 'एसएसएच' कॅपिटल, बाकी स्मॉल. आधीचा '/:लॉगिन' काढून टाका. मग 'सिस्टमसीटीएल रीस्टार्ट शेलइनाबॉक्सडी'.

एन्फोर्सिंग चालू ठेवूनच लॉगिन होतं. रूटने (मुख्य प्रशासक खात्याने) होत नसेल, तर एसएसएचडीच्या (एसएसएच सर्व्हरच्या) कॉन्फिगमधलं 'परमिटरूटलॉगिन' बघा. ते बंदच ठेवलेलं बरं.