जुनं मनगटी घड्याळ घेताना या चुका टाळा

आठवड्यातून एकदा तरी मला कोणीतरी फोटो पाठवतं. एकच फोटो, समोरून काढलेला, काचेवर ट्यूबलाइटची पांढरी रेघ. खाली लिहिलेलं असतं, ‘ओरिजिनल आहे ना? संध्याकाळपर्यंत पैसे द्यायचेत.’ अशा फोटोवरून मी मत देत नाही. जुनं घड्याळ पारखायचं म्हणजे डायल, काटे, चावी, मशीन, बॉडी आणि मागचं झाकण हे सगळे एकाच वयाचे आणि एकाच मॉडेलचे आहेत का ते बघायचं. त्याला वेळ लागतो. एवढी सवड ज्याला काढवत नाही, त्याने सरळ नवं घड्याळ घ्यावं, हे मी तोंडावर सांगतो.

चकचकीत डायल बघून भुलणं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून तिच्यावर सविस्तर लिहितो.

जपानच्या सेइकोचं ६१३९ हे ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसणारं आणि स्टॉपवॉच असलेलं घड्याळ, १९६९ साली आलं. त्याचं पिवळ्या डायलचं घड्याळ अमेरिकी अंतराळवीर विल्यम पोग यांनी १९७३ साली सुरू झालेल्या स्कायलॅब या अंतराळस्थानकावरच्या मोहिमेत हातात घातलं होतं. पुढे ते अंतराळात गेलेलं पहिलं ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ म्हणून ओळखलं जातं आणि संग्राहक त्याला ‘पोग’ म्हणतात. मागणी वाढली तशा नव्याने छापलेल्या पिवळ्या डायलही बाजारात आल्या. हे मला ऐकून ठाऊक होतं. तरीही एक ‘पोग’ समोर आलं आणि मी विरघळलो. डायलवर एक ओरखडा नाही, अक्षरं काळीभोर. विकणारा म्हणाला, वडिलांनी कपाटात जपून ठेवलेलं, कधी वापरलंच नाही. मी वरचं बटण दाबलं, काटा सुटला. पुन्हा दाबलं, थांबला. खालचं दाबलं, शून्यावर आला. पाच महिने बाजूला टाकलेले पैसे मी तिथल्या तिथे मोजून दिले.

रात्री टेबललॅम्पखाली दहापट भिंग डोळ्याला लावून बसलो. झाकणावरचा नंबर ५३ ने सुरू होत होता. सेइकोच्या त्या काळातल्या नंबरात पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा असतो आणि दुसरा महिन्याचा. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरसाठी ओ, एन, डी ही अक्षरं येतात. दशक मात्र नंबरात नसतं, ते मॉडेलवरून ठरवावं लागतं. ६१३९ आलंच १९६९ मध्ये, तेव्हा ५३ म्हणजे मार्च १९७५. आणि डायलवर छापलेलं होतं ‘वॉटर ७० एम प्रूफ’. सेइकोने ‘प्रूफ’ हा शब्द १९७० च्या सुमाराला सोडला आणि ‘रेझिस्ट’ लिहायला सुरुवात केली. पाच वर्षांपूर्वी सोडलेला शब्द १९७५ च्या घड्याळावर होता.

मग एकेक गोष्ट दिसत गेली. मूळ छपाईतली शाई किंचित उंच उभी असते आणि अक्षराची कड गुळगुळीत असते. इथे कड करवतीच्या दातांसारखी होती. तीस मिनिटांच्या छोट्या वर्तुळातल्या रेघा कुठे जाड, कुठे बारीक. काट्यांवरचा अंधारात चमकणारा लेप तपकिरी पडलेला, आणि डायलवरचे ठिपके पांढरेशुभ्र. खऱ्या ‘पोग’ची डायल तिरकी धरली की प्रकाशाबरोबर छटा बदलते. ही कशीही धरली तरी रंगवलेल्या पत्र्यासारखी सपाट दिसत होती.

दुसऱ्या दिवशी आमच्या घड्याळजींनी ते उघडलं. मशीन खरं, बॉडी खरी. डायल बाहेर काढून तिची पाठ मला दाखवली. पन्नास वर्षांच्या धातूवर जो मळकट थर येतो त्याचा मागमूस नव्हता. ‘मशीन सोन्यासारखं आहे,’ ते म्हणाले, ‘पण ही डायल कालची आहे.’ विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं होतं.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. घड्याळ हातात आलं की मी आधी ते पालथं करतो. झाकणावरचे आकडे कागदावर लिहितो, वर्ष काढतो, त्या वर्षी डायलवर काय लिहिलेलं असायला हवं ते खाली लिहितो, आणि मगच घड्याळ सुलटं करतो. डायल आधी बघितली की मन तिच्यात गुंततं आणि डोळे सोयीचं तेवढंच बघतात. शिवाय त्याच मॉडेलच्या, शक्यतो त्याच वर्षाच्या आठ-दहा खात्रीच्या घड्याळांचे मोठे फोटो मी आधीच बघून गेलेलो असतो.

जुन्या स्विस घड्याळांची डायल हाताने पुन्हा रंगवण्याचा उद्योग कितीतरी वर्षं चालू आहे. तिथे तळाशी, सहाच्या खाली, ‘स्विस’ हा शब्द बघा. रंगवणारे तो बऱ्याचदा विसरतात किंवा काचेच्या कडेखाली अर्धा कापला जाईल असा टाकतात. मिनिटांच्या रेघा तासांच्या बारा ठोकळ्यांशी जुळतात का तेही बघा. डाग पडलेली मूळ डायल आणि नव्याने रंगवलेली चकचकीत डायल, यांत मी केव्हाही डागाळलेली घेईन. घड्याळाच्या किमतीतला मोठा भाग डायलच उचलते.

मशीन न बघता पैसे देणं

‘झाकण उघडलं तर पाणी शिरेल’ असं सांगणाऱ्याकडून घड्याळ घेऊ नका. जुन्या घड्याळाच्या झाकणातलं पाणी अडवणारं रबर केव्हाच कडक झालेलं असतं. ते पाण्यापासून दूरच ठेवायचं असतं. झाकण उघडून आतला फोटो मागायचा, आणि मशीनवरचा कॅलिबर नंबर, म्हणजे मशीनच्या प्रकाराचा नंबर, त्या मॉडेलला जुळतो का ते बघायचं. सेइकोत हे सोपं आहे. झाकणावरच्या मॉडेल नंबराचे पहिले चार आकडे हाच मशीनचा कॅलिबर. ओमेगाच्या स्पीडमास्टरमध्ये १९६८ च्या आसपास ३२१ हे कॅलिबर जाऊन ८६१ आलं, त्यामुळे सत्तरीतल्या बॉडीत ३२१ दिसलं तर खुलासा मागा.

तुकडे जोडून उभं केलेलं घड्याळ ही फक्त नवख्यांची अडचण नाही. २०२१ साली जिनिव्हातल्या लिलावात १९५७ चं म्हणून एक ओमेगा स्पीडमास्टर ३१ लाखांहून अधिक स्विस फ्रँकला गेलं. ते ओमेगाच्या स्वतःच्या संग्रहालयासाठी घेतलेलं होतं. २०२३ मध्ये ओमेगानेच जाहीर केलं की ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून केलेलं होतं आणि त्यात कंपनीच्या तीन माजी कर्मचाऱ्यांचा हात होता. ही बातमी वाचल्यापासून मी डबा आणि कागदपत्रांना दुय्यम मानतो. कागद वेगळा विकत मिळतो. त्यावरचा नंबर घड्याळावरच्या नंबराशी आकडा-आकडा जुळला, तरच तो मोजायचा.

अंधारात चमकतं म्हणून खूश होणं

साठीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत डायलवर रेडियम लावत. नंतर ट्रिटियम आलं, ते नव्वदीच्या शेवटापर्यंत चाललं. बऱ्याच स्विस डायलवर तेव्हा ‘स्विस’च्या दोन्ही बाजूंना ‘टी’ छापत. ट्रिटियमची ताकद सुमारे १२ वर्षांत निम्मी होते, म्हणून साठीतलं घड्याळ आज रात्रभर उजळत असेल तर लेप नंतर भरलेला आहे. अंधाऱ्या खोलीत टॉर्च मारून विझवा. ठिपके बराच वेळ हिरवे राहिले तर लेप नवा समजा. रेडियमचा संशय असेल तर असलं घड्याळ घरी उघडू नका आणि लेप खरवडू तर अजिबात नका. रेडियम निम्मं व्हायलाच सुमारे सोळाशे वर्षं लागतात आणि त्याची धूळ श्वासात जाणं घातक आहे. ठिपके चमकेनासे झाले तरी ते तिथेच असतं.

पॉलिश केलेली बॉडी

याचा मला मनापासून राग येतो. पॉलिश म्हणजे धातू घासून काढणं, आणि गेलेला धातू सहजासहजी परत येत नाही. कारखान्यातून निघालेल्या बॉडीला धारदार कडा असतात, बारीक रेघांची मंद बाजू आणि चकचकीत बाजू यांच्यात स्वच्छ रेघ असते. चार वेळा पॉलिश झालं की ती रेघ विरते, कडा साबणाच्या वडीसारख्या गोल होतात. पट्टा अडकतो त्या टोकांवर आरपार भोकं असतील तर ती नीट बघा. भोक कडेला सरकलेलं किंवा अंडाकृती वाटलं की बॉडी बरीच झिजली आहे. झाकणावरची अक्षरं उथळ झाली असतील तर तीच खूण. विकायच्या आदल्या दिवशी घड्याळाला ‘जरा चमक आणून’ देणाऱ्यांनी किती चांगल्या बॉडी वाया घालवल्या आहेत!

बाकीच्या गोष्टी भराभर. जुन्या रोलेक्सचा पट्टा काढून बघा, बाराच्या बाजूला मॉडेल नंबर आणि सहाच्या बाजूला सीरियल नंबर बॉडीवर कोरलेला असतो. पट्टा काढू न देणाऱ्याशी बोलणं थांबवा. सोन्याचा मुलामा आधी टोकांवर आणि चावीजवळ उडतो, तिथे भिंग धरा. ‘२० मायक्रॉन’ म्हणजे मुलामाच, भरीव सोनं नव्हे. भाव ठरवताना लोक काय मागतात ते बघू नका, घड्याळ खरोखर कितीला गेलं ते बघा. सर्व्हिसिंगचा खर्च किमतीत धरा, ‘नुकतीच केली’ म्हणाला तरी. आणि ६१३९ दाखवताना ‘रोज चावी द्या’ असं कोणी सांगितलं तर तो ते घड्याळ ओळखत नाही, कारण त्याला हाताने चावी देताच येत नाही.

‘चालतंय ना’ यावर समाधान

टिकटिक ऐकू येणं पुरेसं नाही. टाइमग्राफरवर, म्हणजे टिकटिक ऐकून घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्रावर, ठेवून बॅलन्सचा (आत मागेपुढे फिरणाऱ्या चाकाचा) झोका मोजा, घड्याळाला पूर्ण चावी बसलेली असताना. जुन्या मशीनला २५० अंशांच्या पुढे मिळालं तर मी खूश असतो, २०० च्या खाली गेलं तर सर्व्हिसिंगशिवाय वापरत नाही. डायल वर, डायल खाली, चावी खाली अशा तीन बाजूंनी तरी मोजा.

मात्र दिवसाला पाच-दहा मिनिटं पुढे पळणारं घड्याळ लगेच नाकारू नका. बऱ्याचदा त्याची केसासारखी बारीक स्प्रिंग चुंबकामुळे चिकटलेली असते, स्पीकरजवळ किंवा पर्सच्या चुंबकी खटक्याजवळ राहून. मी खिशात छोटं होकायंत्र ठेवतो. घड्याळ जवळ नेल्यावर सुई हलली तर दोष चुंबकाचा असण्याची शक्यता मोठी, आणि घड्याळजीकडच्या यंत्रावर तो काही सेकंदांत जातो.