धडा पाठ आहे, पण वाचता येत नाही: या चुका टाळा

तिसरीतली मुलगी मराठीचा धडा घडाघडा 'वाचते'. मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवून विचारलं की गप्प! धडा ऐकून ऐकून पाठ झालेला असतो आणि घरचे म्हणतात, "येतंय की तिला." हा डिस्लेक्सिया असू शकतो, म्हणजे हुशारी असूनही वाचन-लेखनात सतत अडणं. अशी तल्लख मुलंच उशिरा लक्षात येतात. त्यामुळे कधीतरी न पाहिलेला उतारा वाचायला द्या.

डिस्लेक्सिया म्हटलं की पालक इंग्रजी 'बी' आणि 'डी' उलटे पडतात का ते बघतात. अहो, मूल मराठी वाचतंय ना? इथले खड्डे वेगळे. घ-ध, भ-म, थ-य तर आहेतच. शिवाय 'किती'मधली पहिली वेलांटी दिसते क-च्या आधी, उच्चार मात्र नंतर. 'सूर्य'मधला रफार य-च्या डोक्यावर बसतो, पण बोलताना य-च्या आधी येतो. पहिली-दुसरीत सगळीच पोरं इथे धडपडतात, लगेच घाबरू नका. तिसरीतही तसंच चाललं असेल, तर तपासणी करून घ्या.

सगळ्यात जुनी चूक म्हणजे "दहा वेळा लिहून काढ." अडचण मुख्यतः शब्दातले आवाज सुटे करून अक्षराशी जोडण्यात असते. दहा वेळा लिहून फक्त हात दुखतो. त्यापेक्षा भाजी निवडताना विचारा, 'कमळ'मधला क काढला तर काय उरलं? ताटात रवा पसरून, आवाज काढत अक्षर गिरवू द्या. रोज दहा मिनिटं पुरेत.

डोळे आणि कान आधी तपासाच. पण रंगीत काचांच्या चष्म्याने डिस्लेक्सिया जात नाही, त्यावर पैसे घालवू नका.

'शिक्का बसेल' म्हणून डिस्लेक्सियाचं प्रमाणपत्र टाळणारे पालक दहावीच्या तोंडावर धावपळ करतात. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमताही आहे आणि डिस्लेक्सिया त्यातच मोडतो. प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मागता येतात. शाळेशी आधीच बोला. वर्गात सगळ्यांसमोर अचानक उभं करून वाचायला लावू नका, एवढं तर बाईंना आजच सांगता येईल.

आणि वाचन अडलं म्हणून विज्ञान अडवू नका. तो धडा तुम्ही वाचून दाखवा, उत्तरं तोंडी घ्या.