युद्धं, हत्याकांडं, आपत्ती: सामान्यज्ञानातल्या या चुका टाळा

चोपडा, अमळनेर, पारोळा, शिरपूर या पट्ट्यात शाळा आणि अभ्यासिकांच्या प्रश्नमंजूषा घेत मी बरीच वर्षं फिरतोय. जागतिक इतिहासाची फेरी आली की युद्धं, कत्तली, भूकंप, अणुस्फोट यांवरच्या प्रश्नांत ठरलेल्या जागी ठरलेल्याच चुका होतात. पोरं कमी नाहीत. पहाटे मैदानावर सोळाशे मीटर पळून येतात आणि घाम वाळायच्या आत प्रश्नसंच उघडतात. त्यांचं नुकसान केलंय ते वनलायनरच्या पुस्तकांनी. एक नाव, एक साल, पुढची ओळ. हजारो माणसं मेलेली घटना अशी एका ओळीत बसवली की ती डोक्यात टिकत नाही, आणि टिकलीच तर चुकीची टिकते.

सगळ्यात जास्त वेळा भेटणारी चूक: ‘उधमसिंगांनी जनरल डायरला मारलं.’

नाही मारलं. १३ एप्रिल १९१९ रोजी अमृतसरच्या जालियनवाला बागेत गोळीबाराचा हुकूम दिला तो ब्रिगेडियर जनरल रेजिनाल्ड डायरने. तो १९२७ साली इंग्लंडमध्ये आजारपणात मेला. उधमसिंगांनी १३ मार्च १९४० रोजी लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये ज्याच्यावर गोळ्या झाडल्या तो मायकेल ओडवायर. हत्याकांडाच्या वेळी तो पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर होता आणि डायरने केलं ते बरोबरच केलं, असं त्याचं म्हणणं होतं. माणसं दोन, पदं दोन आणि दोन घटनांमध्ये जवळपास एकवीस वर्षं.

अमळनेरकडच्या एका गावातल्या आंतरशालेय स्पर्धेत याच प्रश्नावर अंतिम फेरी अडली होती. प्रश्न आयोजकांनी बाहेरून मागवले होते, मी फक्त गुण मांडायला बसलो होतो. दोन संघ बरोबरीत. शेवटचा प्रश्न आला: ‘जालियनवाला बागेत गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या कोणत्या अधिकाऱ्याला उधमसिंगांनी ठार केले?’ एका संघाने बझर दाबून ‘जनरल डायर’ सांगितलं, कार्डावरही तेच होतं, टाळ्या पडल्या. दुसऱ्या संघातली आठवी-नववीची एक मुलगी उभी राहिली आणि भर सभेत अहिराणीत म्हणाली, “सर, हाऊ प्रश्नच चुकेल शे.” लोक हसले. परीक्षकांनी तिला खाली बसायला सांगितलं. मी उठून सांगितलं की पोरगी बरोबर बोलतेय, डायर १९२७ लाच गेला होता. त्यावर उत्तर मिळालं, “कार्डावर जे आहे ते अंतिम.” ढाल ‘जनरल डायर’ सांगणाऱ्या संघाला गेली.

नंतर त्या मुलीने वही दाखवली. शाईने नीट आखलेलं पान. डायरच्या नावासमोर पद, शहर, मृत्यूचं साल. खाली ओडवायरच्या नावासमोर तेच. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. दोन नावं सारखी वाटली म्हणून वेगळी लिहून काढली, असं ती म्हणाली. तेव्हापासून मी प्रत्येक अभ्यासिकेत तीच पद्धत सांगतो. सारखी वाटणारी नावं एकाच पानावर एकाखाली एक लिहा, प्रत्येकाचं पद आणि मृत्यूचं साल लिहा. पाठांतराने हा घोळ सुटत नाही, शेजारी ठेवून वाचल्याने सुटतो. क्राकाटोआ (१८८३) आणि तांबोरा (१८१५) हे दोन ज्वालामुखीही असेच एका पानावर हवेत. १८१६ साली युरोप-अमेरिकेत उन्हाळाच आला नाही तो तांबोरामुळे. क्राकाटोआत छत्तीस हजारांहून जास्त लोक गेले, ते बहुतेक समुद्राच्या लाटांमुळे, लाव्हारसामुळे नव्हे.

मृतांच्या आकड्यांचा घोळ याहून खोल आहे.

पोरं विचारतात, “सर, जालियनवाल्यात नक्की किती मेले? एकच आकडा सांगा.” एकच आकडा नाही. सरकारने नेमलेल्या हंटर समितीने ३७९ धरले. काँग्रेसच्या चौकशीत मृतांचा अंदाज हजारापर्यंत गेला. गोळ्या झाडल्या १६५०, हे मात्र डायरच्याच बाजूने आलेलं. परीक्षेत ‘हंटर समितीनुसार’ असं लिहिलं असेल तर ३७९ लिहा. तसं लिहिलेलं नसेल तर पर्याय नीट वाचा. पण ३७९ हे अंतिम सत्य म्हणून पाठ करू नका. ज्याने गोळ्या घातल्या त्याच राज्याच्या समितीने केलेली ती मोजणी आहे, एवढं कळल्याशिवाय तो आकडा पाठ करण्यात काही हशील नाही.

हिरोशिमाचंही तसंच. ‘त्या दिवशी किती’ आणि ‘१९४५ च्या अखेरीपर्यंत किती’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. वर्षअखेरपर्यंतचा अंदाज सुमारे १ लाख ४० हजारांचा. भाजलेली, किरणोत्सर्गाने आजारी पडलेली माणसं पुढचे कितीतरी आठवडे मरत होती. एका तारखेपुढे हा आकडा लिहिला की ते आठवडे पुसले जातात.

तिसरा प्रकार म्हणजे मेलेले आणि जखमी एकत्र करणं. १ जुलै १९१६, पहिल्या महायुद्धातल्या, फ्रान्समधल्या सोम नदीकाठच्या लढाईचा पहिला दिवस. ब्रिटिश सैन्याची एकूण हानी ५७,४७०. कितीतरी गाईडांत ‘एका दिवसात ५७ हजार ठार’ असं छापलेलं मी स्वतः वाचलंय. ठार झाले १९,२४०. बाकीचे जखमी, बेपत्ता आणि कैदी. १९ हजार हा आकडा काय कमी भयानक आहे, म्हणून तो फुगवायचा?

माझी सवय अशी: साल आणि जागा पेनाने, मृतांचा आकडा पेन्सिलीने, आणि आकड्याच्या शेजारी कंसात मोजणारा कोण ते. मोजणारा सापडला नाही तर आकडा लिहायचाच नाही. याला वेळ लागतो. ‘सर, महिन्यात सगळा जागतिक इतिहास कव्हर करायचाय’ म्हणणाऱ्यांना हे पटत नाही. त्यांनी महिनाभर फक्त विसावं शतक करावं, पण नीट करावं.

तारखांच्या चुका त्यामानाने लवकर सुटतात. नंदुरबारच्या पोरांनीसुद्धा शिरीषकुमार ९ ऑगस्टला शहीद झाला असं लिहिलेलं पाहिलं की मला वाईट वाटतं. ९ ऑगस्ट १९४२ हा क्रांतिदिन. नंदुरबारचा गोळीबार ९ सप्टेंबर १९४२ चा. आपल्याच गावच्या चौकातलं स्मारक आहे, जाऊन वाचा की! बाकीच्या तारखा: टायटॅनिक हिमनगाला धडकलं १४ एप्रिल १९१२ च्या रात्री, बुडालं १५ च्या पहाटे. भोपाळची वायुगळती २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्रीची. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास, २९ ला नव्हे. रशियाची ऑक्टोबर क्रांती आजच्या कॅलेंडरने ७ नोव्हेंबर १९१७ ची. युरोपातला विजयदिन पश्चिमेकडे ८ मे, रशियात ९ मे, कारण जर्मनीच्या शरणागतीवर सही झाली तेव्हा मॉस्कोत तारीख बदललेली होती. पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हा हवाईत ७ डिसेंबर १९४१ होती आणि जपानात ८. मध्यरात्र किंवा समुद्र मध्ये आला की दोन्ही तारखा लिहा आणि प्रश्न कुठली विचारतोय ते बघा.

हिरोशिमावर युरेनियमचा ‘लिटल बॉय’, नागासाकीवर प्लुटोनियमचा ‘फॅट मॅन’. उलटं करू नका.

शंभर वर्षांचं युद्ध १३३७ ते १४५३, म्हणजे ११६ वर्षं.

स्पॅनिश फ्लू स्पेनमध्ये सुरू झाला म्हणून ते नाव पडलं, असं समजू नका. स्पेन पहिल्या महायुद्धात तटस्थ होता, तिथल्या वर्तमानपत्रांवर युद्धाची बंधनं नव्हती, म्हणून बातम्या तिथून आल्या आणि नाव चिकटलं.

वॉटर्लू आजच्या बेल्जियममध्ये. चेर्नोबिल आजच्या युक्रेनमध्ये. नकाशा उघडून बोट ठेवल्याशिवाय कुठलंही घटनास्थळ पाठ करू नका.

पहिल्या महायुद्धात ११ नोव्हेंबर १९१८ ला शस्त्रसंधी झाली, व्हर्सायचा तह २८ जून १९१९ चा. ‘युद्ध कधी थांबलं’ आणि ‘तह कधी झाला’ यांची गल्लत दर वर्षी होते.

आणखी एक चूक मला फार खटकते. व्हिएतनाममधलं माय लायचं हत्याकांड कुठे, बोस्नियातलं स्रेब्रेनित्साचं कधी, हे पोरं फटाफट सांगतात आणि थाळनेर विचारलं की गप्प. शिरपूर तालुक्यात, तापीच्या काठावर हा किल्ला आहे. जानेवारी १८१८ मधल्या मंदसोरच्या तहाने होळकरांचा सातपुड्याच्या दक्षिणेकडचा मुलूख इंग्रजांकडे गेला, त्यात थाळनेरही होतं. २७ फेब्रुवारी १८१८ रोजी सर थॉमस हिस्लॉपची फौज किल्ल्यासमोर आली, प्रतिकार झाला, दरवाजातल्या झटापटीत इंग्रज अधिकारी पडले. त्यानंतर आतली जवळजवळ सगळी शिबंदी कापून काढली, त्यात बहुतेक अरब शिपाई होते. किल्लेदार तुळशीराम याला फासावर दिलं. त्या फाशीवरून पुढे ब्रिटिश पार्लमेंटमध्येही प्रश्न उभे राहिले. गाईडांत हे ‘थाळनेर जिंकले’ एवढ्या दोन शब्दांत येतं. जगातली हत्याकांडं पाठ करणाऱ्या खान्देशच्या पोराला हे ठाऊक नसेल तर त्याची तयारी अपुरी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. धुळे-शिरपूरकडे राहणाऱ्यांनी एक रविवार काढून किल्ल्यावर जाऊन यावं. तट बराच ढासळलाय, पण नदी, काठ आणि किल्ला यांचं नातं तिथे उभं राहिल्यावरच कळतं.

प्रश्नमंजूषा घेणाऱ्यांना एक विनंती. रवांडात १९९४ च्या एप्रिल ते जुलैमध्ये सुमारे आठ लाख माणसं मारली गेली, त्यावरच्या बरोबर उत्तराला टाळ्या आणि ढोल वाजवू नका. माझ्या फेऱ्यांत अशा प्रश्नाला गुण मिळतात, टाळ्या नाहीत. सुरुवातीला पोरांना विचित्र वाटतं, दोन-तीन प्रश्नांनंतर ती स्वतःच शांत राहतात आणि मग उत्तरंही जास्त विचार करून देतात.

शेवटी हरकतींबद्दल. स्पर्धा परीक्षेची उत्तरतालिका चुकीची वाटली तर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भांडून उपयोग नाही. दिलेल्या मुदतीत, ठरलेल्या पद्धतीने हरकत नोंदवा. पुरावा म्हणून गाईडचं पान किंवा यूट्यूबवरच्या व्हिडिओचा स्क्रीनशॉट जोडू नका. पाठ्यपुस्तक, गॅझेटियर, मान्यताप्राप्त संदर्भग्रंथ यांचं पान जोडा, पुस्तकाचं नाव दिसेल अशा मुखपृष्ठासकट. हरकत चार ओळींत मांडा: तालिकेत काय आहे, बरोबर काय, कुठल्या पानावर. आणि पाठवण्याआधी प्रश्न पुन्हा एकदा वाचा, कारण निम्म्या हरकती ‘किती ठार’ विचारलेलं असताना ‘एकूण हानी’ धरून आलेल्या असतात.