जपानला जेवणाची तुलना करायला निघताय? दाशीचं आधी लिहा

तिकीट, व्हिसा, विमा, चालायचे बूट हे सगळं तुम्ही करालच, त्यावर शब्द घालवत नाही. ही यादी टोकियो आणि क्योतोमध्ये आठवड्याभरात तीन-चार उत्तम, महागड्या जपानी रेस्टॉरंटांत जेवून कुठलं कशात उजवं हे नीट ठरवू पाहणाऱ्यांसाठी आहे. मागच्या खेपेला यादीतली एकच ओळ लिहायची राहिली आणि सगळी तुलना वाया गेली. म्हणून ती ओळ सर्वांत आधी: जागा राखून ठेवतानाच, प्रत्येक ठिकाणी, अगदी त्याच शब्दांत, दाशीबद्दल लिहा.

दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकाचं मूळ पाणी. कोम्बू नावाची वाळवलेली समुद्री वनस्पती आणि कात्सुओबुशी, म्हणजे कुप्याच्या कुळातला मासा धुरी देऊन, वाळवून, लाकडासारखा कडक करून काढलेले त्याचे पातळ काप, या दोन्हींचा तो अर्क. ताटात मासा दिसत नाही तिथेही दाशी असते. शिजवलेल्या भोपळ्यात असते, पालेभाजीवर ओतलेली असते. चावानमुशी हे अंड्याचं वाफवलेलं पक्वान्न तर निम्म्याहून जास्त दाशीच असतं. तेम्पुराबरोबर बुडवायला दिलेल्या तेन्त्सुयुत, मिसो सूपमध्ये, पोन्झू या आंबट सॉसमध्ये, शेवटी येणाऱ्या मिश्र भातातही ती असते. भाज्यांच्या लोणच्यावर कधीकधी कात्सुओबुशी भुरभुरलेली असते. त्यामुळे फॉर्मवर नुसतं 'व्हेजिटेरियन' लिहिलंत तर पुष्कळ ठिकाणी मांस आणि माशाचे तुकडे तेवढे वगळले जातात, दाशी तशीच राहते. यात कुणी फसवत नसतं. तिथल्या स्वयंपाकघरात दाशी हा 'मासा' या सदरात मोजलाच जात नाही.

आणि हे टेबलावर बसल्यावर सांगून उपयोग नाही. चांगली दाशी ऐनवेळी होत नाही. क्योतोतली एक प्रसिद्ध पद्धत अशी: कोम्बू सुमारे 60 अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचा, काढायचा, पाणी 80-85 अंशांपर्यंत न्यायचं, कात्सुओबुशी टाकून लगेच गाळायचं. सुक्या शिताके मशरूमची दाशी हवी तर मशरूम थंड पाण्यात रात्रभर भिजवावे लागतात. मासळी आणि भाजी त्या दिवशीच्या माणसांच्या संख्येइतकीच आणलेली असते. तुम्ही सहाला बसून सहा वाजून दोन मिनिटांनी 'दाशी चालत नाही' म्हणालात, तर आचाऱ्याकडे तुमच्यासाठी उरतात भाजलेली वांगी, मीठ आणि भात. मग ते जेवण त्या रेस्टॉरंटचं राहत नाही, त्यातून वजा करून उरलेलं काहीतरी असतं. त्याची तुलना कशाशी करणार?

तुम्ही मासे आवडीने खात असाल, मालवणचे असाल, तरी ही ओळ तुमच्यासाठीही आहे. गोमांस चालत नसेल तर लिहा. काइसेकी म्हणजे एकामागून एक छोटे पदार्थ येणारं पारंपरिक जेवण, त्याच्या मध्यावर वाग्यू या जपानी गोमांसाचा तुकडा येणं नेहमीचं आहे. कच्चा मासा चालत नसेल तर सुशीचं काउंटर घेऊच नका, दुसरा प्रकार निवडा. शिराको म्हणजे कॉड माशाचं वीर्यकोश, हिवाळ्यात हमखास येतं. नको असेल तर नाव घालून लिहा. मद्य वर्ज्य असेल तर मिरिन आणि साके स्वयंपाकात वापरतात हे धरून चला आणि तेही विचारा. कोळंबीची अॅलर्जी असेल तर सुशीवाल्याकडचं ऑम्लेटसुद्धा विचारून घ्या, कारण जुन्या टोकियो पद्धतीच्या तामागोत कोळंबीची पेस्ट घालतात.

शाकाहारी असाल तर लिहायचं काय, तेही देतो. इंग्रजीत लिहा आणि खाली हे जपानी वाक्य जोडा: 'निकु मो साकाना मो ताबेरारेमासेन. कात्सुओ-दाशी मो ताबेरारेमासेन. कोम्बू-दाशी नारा दाइज्योबु देसु.' म्हणजे मांस आणि मासे खाऊ शकत नाही, कात्सुओची दाशीही नाही, कोम्बूची असेल तर चालेल. जपानी लिपीतला मजकूर फोनमध्ये आणि एका कार्डावर ठेवा. सगळ्या रेस्टॉरंटांना तंतोतंत हेच पाठवायचं. एकाला सविस्तर आणि दुसऱ्याला अर्धवट कळवलंत तर एकाने तुमच्यासाठी आठवडाभर विचार करून पदार्थ रचले असतील आणि दुसऱ्याने नेहमीच्या ताटांतून चार पदार्थ नुसते काढून टाकले असतील. मग दुसऱ्याला कमी लेखणं हा अन्याय आहे. उत्तर 'जमणार नाही' असं आलं तर वाईट वाटून घेऊ नका, हुज्जत तर मुळीच नको. नकार देणारा आचारी त्याच्या कामाबद्दल प्रामाणिक आहे. दुसरीकडे जा.

शुद्ध शाकाहारी मंडळींनी यादीत एक तरी शोजिन र्योरी धरावीच. हा झेन मठांतला स्वयंपाक, त्याची दाशी मुळातच कोम्बू आणि शिताकेची. क्योतोत आराशियामाला तेन्र्यूजी मंदिराच्या आवारात शिगेत्सु आहे, तिथे हे जेवण मिळतं. बागेचं प्रवेशशुल्क वेगळं. यात कांदा-लसूण वर्गातल्या उग्र भाज्याही वर्ज्य असतात, त्यामुळे जैन वाचकांना अर्धी वाट मोकळी होते. अर्धीच, कारण मुळा, कमळकाकडी, गोबो ही कंदमुळं भरपूर असतात. आणि हो, मठाबाहेरचं एखादं रेस्टॉरंट स्वतःला 'शोजिन' म्हणवत असलं तरी दाशीचं विचाराच.

आता तुलना. सारख्याची सारख्याशी करा. सुशीचं ओमाकासे, म्हणजे काय वाढायचं ते आचाऱ्यावर सोपवलेलं जेवण, आणि काइसेकी यांना एकाच तराजूत घालणं म्हणजे थाळी आणि पुरणपोळी यांत कोण श्रेष्ठ असं विचारणं. प्रत्येक प्रकाराची निदान दोन ठिकाणं निवडा, नाहीतर एकच प्रकार घेऊन चार ठिकाणं. काइसेकीमध्येही दोन वेगळ्या गोष्टी एकाच उच्चाराने ओळखल्या जातात: चहाच्या समारंभातलं जेवण, ज्यात भात आणि सूप सुरुवातीलाच येतं, आणि मेजवानीचं जेवण, ज्यात भात शेवटी येतो. तुम्ही कुठल्या प्रकाराला बसताय ते आधी बघा. तुलनेसाठी सगळ्यांत सोयीची सोय म्हणजे एकाच घराच्या दोन जागा. क्योतोच्या किकुनोइची मूळ वास्तू हिगाशियामात आहे, रोआन ही काउंटरवाली शाखा क्योतोतच, आणि टोकियोत आकासाकाला आणखी एक. घराणं तेच, बैठक वेगळी, शहर वेगळं. यातून जे कळतं ते चार वेगवेगळ्या नावांतून कळत नाही.

मिशेलिन या रेस्टॉरंट-मार्गदर्शिकेचे तारे बघा, पण त्यांच्यावर निर्णय सोपवू नका. टोकियोच्या गिंझातलं सुकियाबाशी जिरो हे सुशीचं ठिकाण 2019 च्या अखेरीस जाहीर झालेल्या यादीतून बाहेर पडलं, ते चव घसरली म्हणून नव्हे. सर्वसामान्य माणसाला तिथे जागा राखता येत नाही म्हणून. ताबेलोग या जपानी संकेतस्थळावर गुण कंजूषपणे दिले जातात, 3.5 च्या वरचं ठिकाण तिथे खरोखर चांगलं मानतात. आपल्याकडच्या 4.5 च्या सवयीने 3.6 बघून नाक मुरडू नका.

दर. इथे लोक चुकतातच. पाटीवर 30,000 येन लिहिलंय आणि दुसरीकडे 35,000, म्हणून पहिलं स्वस्त, असं नाही. 'झेइकोमी' म्हणजे 10 टक्के उपभोग कर धरून, 'झेइबेत्सु' म्हणजे वेगळा. सेवाशुल्क बऱ्याच ठिकाणी 10 ते 15 टक्के, तेही दरात असेलच असं नाही. 30,000 वर 10 टक्के सेवाशुल्क झालं 33,000, त्यावर कर म्हणजे 36,300. सेवाशुल्क 15 टक्के असेल तर 37,950. म्हणजे सगळं धरून 35,000 सांगणारा स्वस्त पडला. पेय वेगळं, काही काउंटरांवर एक तरी पेय घेणं अपेक्षित असतं. टिप देत नाहीत. वहीत प्रत्येक ठिकाणासमोर एकच आकडा लिहा, सगळं धरून दर माणशी. पैसे आखडत असतील तर दुपारचं जेवण घ्या, पुष्कळदा रात्रीच्या निम्म्यात होतं. पण मग सगळीकडे दुपारचंच. एकीकडे दुपार आणि दुसरीकडे रात्र, ही तुलना नव्हे.

जागा राखणं. काही ठिकाणी महिना-दोन महिने आधी ठरावीक तारखेला नोंदणी उघडते. जपान आपल्यापुढे साडेतीन तास: तिथली मध्यरात्र म्हणजे आपली रात्रीची साडेआठ, तिथले सकाळचे दहा म्हणजे आपली पहाटेनंतरची साडेसहा. गजर लावा. ओमाकासे, टेबलचेक, पॉकेट कॉन्सिएर्ज ही संकेतस्थळं इंग्रजीत चालतात. तरीही जागा न मिळाल्यास मुक्कामाच्या हॉटेलातल्या कॉन्सिएर्जला, म्हणजे पाहुण्यांसाठी अशा नोंदण्या करून देणाऱ्या माणसाला, लिहा. कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार बँकेच्या अॅपमधून चालू करून ठेवा, नव्या कार्डांवर ते बंदच असतात. ओटीपी भारतीय नंबरवर येतो, तिथे गेल्यावरही तो नंबर जिवंत हवा. रद्द करण्याच्या अटी वाचा: दोन-तीन दिवस उरले की अर्धे किंवा पूर्ण पैसे कापणं सर्रास. आणि फॉर्मवर 'विशेष विनंती' असा छोटा रकाना असतो, जो घाईत रिकामा राहतो. तोच रकाना. दाशीचं वाक्य तिथे चिकटवा, मगच बटण दाबा. रकाना नसेल तर नोंदणी झाल्या झाल्या संदेश पाठवा आणि लेखी होकार येईपर्यंत त्या ठिकाणाला पक्कं समजू नका.

महिना. टोकियोतला टोयोसुचा मासळीबाजार रविवारी आणि बऱ्याच बुधवारी बंद असतो, म्हणून सुशीची चांगली ठिकाणं त्या दिवशी बंद सापडतात. एप्रिल अखेर ते मे आरंभ, ऑगस्टचा मध्य आणि नवं वर्ष टाळा. हंगामही जुळवा. एप्रिलमध्ये बांबूचे कोंब, जूनपासून आयु मासा, जुलैत क्योतोला हामो हा वामीसारखा मासा, शरदात मात्सुताके मशरूम, 6 नोव्हेंबरपासून जपान समुद्राच्या काठचा खेकडा. एक ठिकाण मेमध्ये आणि दुसरं नोव्हेंबरमध्ये बघून 'हे जास्त आवडलं' म्हणणं म्हणजे फक्त खेकडा आवडला म्हणणं. दोन मोठी जेवणं एका दिवशी नकोत. काइसेकीला अडीच-तीन तास लागतात आणि रात्रीच्या जेवणानंतर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत भूक लागत नाही.

जेवताना काय टिपायचं? सगळं नको, तीन गोष्टी पुरेत. काइसेकीत वान, म्हणजे झाकणाच्या लाखी वाटीतलं सूप: झाकण उघडताच येणारा वास, मीठ, आणि शेवटच्या घोटाला पहिल्याइतकंच गोड लागतं का. इथेच आचाऱ्याचा हात कळतो आणि इथेच दाशी कळते. कोम्बूचीच मागितली असेल तर सगळीकडे कोम्बूचीच असायला हवी, नाहीतर तुलना पुन्हा फसली. दुसरं हास्सुन, आठ सुन म्हणजे सुमारे 24 सेंटिमीटरच्या चौकोनी तबकातला हंगामाचा मांडव. तिसरं भात आणि लोणचं, जे पोट भरल्यावर येतं म्हणून लोक बघतच नाहीत. सुशीत आधी भात: कोमट आहे का, तांबूस म्हणजे जुन्या लाल व्हिनेगरचा आहे की पांढरा, तोंडात सुटतो की गोळा राहतो. मग कोहादा आणि साबा हे दोन मासे. साबा आपल्या बांगड्याच्या कुळातला, त्यामुळे कोकणातल्या जिभेला त्यातला फरक लगेच कळतो. टिपणं बाहेर आल्यावर लिहा. फोटोला आधी विचारा.

त्या दिवशी: अत्तर नाही. घड्याळ-बांगड्या काढा, काउंटरचं लाकूड मऊ असतं. न फाटलेले मोजे. पत्ता गल्लीच्या नावाने नसतो, गटक्रमांकाने असतो. गिंझात ठिकाण सातव्या मजल्यावर किंवा तळघरात निघतं आणि पाटी जपानीतच असते, म्हणून दाराचा फोटो आधी शोधून ठेवा. दहा मिनिटं आधी पोचा, त्याआधी आत शिरू नका. काउंटरवर सगळ्यांचं जेवण एकदम सुरू होतं. पंधरा मिनिटं उशीर म्हणजे जागा गेली, पैसेही गेले. सुशी आली की लगेच खा. रोख येन जवळ असू द्या, जुनी ठिकाणं कार्ड घेतातच असं नाही. निघताना 'गोचिसोसामा देशिता'.

बाकी काही विसरलात तरी चालेल. आदल्या दिवशी नोंदणीचा संदेश उघडा, दाशीची ओळ त्यात आहे का बघा, नसेल तर त्याच क्षणी पाठवा, कॉन्सिएर्जला फोन करायला लावा, आणि कार्ड खिशात ठेवा.